शाळेत क्वालिटी कंट्रोल आणायचं तर कारखान्यातलं नेमकं काय आणायचं?

गेजवाला

मी हिंगणा एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे क्वालिटी कंट्रोलला आहे. घर वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे, आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत सदस्य आहे. मागच्या सभेत एकानं विषय काढला: "तुम्ही कंपनीत मालाचा दर्जा पाहता, मग शाळेचाही लावा तसाच. ज्या मास्तरचा रिझल्ट नाही त्याची बदली मागू." सगळ्यांना पटलं. मला पटलं नाही. सभेत मांडायला वेळ मिळाला नाही म्हणून इथं मांडतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं क्यूसी म्हणजे शेवटच्या टेबलावर गेज (माप तपासायचं साधन) घेऊन बसलेला माणूस. चांगला पीस इकडे, खराब पीस लाल डब्यात. तो असतोच, पण कारखान्यातला सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा क्यूसी तोच. पीस खराब झाल्यावर त्यानं पाहिला, आता मटेरियलही गेलं आणि वेळही गेला. वॉल्टर शूहार्ट या संख्याशास्त्रज्ञानं १९२४ मध्ये अमेरिकेत कंट्रोल चार्ट काढला तो ह्याचसाठी: माल तयार होत असतानाच प्रक्रिया भरकटतेय का ते दिसावं. त्याच्याच वाटेनं गेलेला दर्जातज्ज्ञ डेमिंग १९५० मध्ये जपानला जाऊन तिथल्या कारखानदारांना सांगत होता की तपासणीच्या जोरावर दर्जा येत नाही, तो घडवतानाच यावा लागतो. त्याचा अंदाज असा की दोषांतले ९४ टक्के यंत्रणेचे असतात, म्हणजे मॅनेजमेंटचे. उरलेले कामगाराच्या वगैरे माथी. आकड्यावर वाद घाला, पण आमच्या शॉपफ्लोअरवर वीस रुपयांचं फिक्श्चर (पीस पकडून ठेवणारं साधन) बदललं की महिनाभराचं रिजेक्शन गायब होतं, हे मी पाहतो.

आता शाळेकडे पाहा. पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन, मध्येच राष्ट्रीय सर्वेक्षण, शिवाय पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा. सगळी शेवटच्या टेबलावरची माणसं. तिसरीतलं पोरगं हातच्याच्या वजाबाकीत अडकलं तर ते अडकलेलंच चौथीत जातं, तसंच सहावीत जातं, आणि आठवीत आपण म्हणतो की याचं गणित कच्चं आहे.

मी गुरुजींच्या परवानगीनं तिसरीच्या गणिताच्या वह्या घरी आणल्या. एकात ५२ वजा २७ बरोबर ३५. दुसरीत ६१ वजा ३८ बरोबर ३७. तिसरीत ४० वजा १६ बरोबर ३६. वेगळ्या घरची, वेगळ्या बाकांवरची पोरं, पण चूक एकच. एकक स्थानी वरचा अंक लहान असला की पोरगं सरळ खालच्यातून वरचा वजा करतं. हा हलगर्जीपणा नाही, हा नियम आहे. "मोठ्यातून लहान काढायचं" हे पहिलीत शिकवलं तेव्हा बरोबरच होतं. पोरगं इमानदारीनं तेच पाळतंय. आमच्याकडे ओळीनं सगळ्या पीसमध्ये एकाच बाजूला तितकाच फरक निघाला तर ऑपरेटरला कोणी शिव्या देत नाही, सेटिंग पाहतात. इथं सेटिंग म्हणजे दशकाची जुडी सोडून दहा सुट्या काड्या करून दाखवणं, तेही वहीत नाही, हातात.

आणि चाचणीच्या तक्त्यात याचं काय येतं? "गणित: ४० टक्के." तो आकडा पोर्टलवर वर जातो, उत्तरपत्रिका कपाटात जाते. चूक कोणती होती ते ज्या वर्गात उपयोगी पडलं असतं तिथं परत येतच नाही.

गंमत म्हणजे शाळेत एक खरा क्यूसी आहे. पोषण आहाराचं चव रजिस्टर. खिचडी पोरांच्या ताटात पडायच्या आधी कोणीतरी खाऊन पाहतो, सही करतो, खारट झाली असेल तर तिथंच दुरुस्त होते. आम्ही त्याला फर्स्ट पीस अप्रूव्हल म्हणतो. शंभर ग्रॅम तांदळाला जी सोय आहे ती वजाबाकीला नाही.

टोयोटाच्या लाईनवर कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. दोष दिसला की ओढायची. मदतीला माणूस येतो, आणि तेवढ्यात निस्तरलं नाही तर लाईन थांबते. कारखान्यातून शाळेत काही आणायचंच असेल तर ती दोरी आणा, असं माझं म्हणणं. "भागाकार थांबवला आहे, पोरांना अजून वजाबाकी येत नाही" असं गुरुजींना वर लिहून देता आलं पाहिजे, आणि त्यावर खुलासा मागायच्या ऐवजी मदत आली पाहिजे.

शिक्षक मंडळींनी आणि इतरांनीही मत द्यावं.

---

तूर_हरभरा

भाऊ, तुमचं सगळं बरोबर हाय. पण आमच्या गावचे मास्तर मतदार याद्याईच्या कामाले जुंपून राह्यले. मशीनच बंद अन् तुम्ही मालाची क्वालिटी पाहून राह्यले.

---

दुशिक्षकी

यवतमाळ जिल्ह्यातली जिल्हा परिषद शाळा, पाच वर्ग, शिक्षक दोन. नावावरून कळलंच असेल. तूर_हरभरा यांनी हसत सांगितलं ते खरं आहे. शिक्षण हक्क कायद्यानं आम्हाला अशैक्षणिक कामांतून मोकळं केलं, आणि त्याच कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांची सूट ठेवली. निवडणूक काही पाच वर्षांतून एकदा येत नाही. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा, आणि यादी तर बारमाही.

पण मला दुसरं सांगायचं आहे. दोरीची कल्पना छान आहे, पण दोरी ओढायला भीती नसावी लागते. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. कागदावर ते तुम्ही म्हणता तेच: रोज पाहा, नोंद करा, लगेच दुरुस्त करा. व्हायचं काय? वर्णनात्मक नोंदी तयार पीडीएफमध्ये फिरतात. "स्वतःचे अनुभव स्वतःच्या शब्दांत सांगतो." "परिसरातील घटनांचे निरीक्षण करतो." पन्नास पोरं, आणि पन्नासही निरीक्षण करतात! कोणी का करतं हे? कारण खरं लिहिलं की विचारणा होते. "अप्रगत का राहिला, काय प्रयत्न केले, पुरावा जोडा." पुरावा म्हणजे फोटो. फोटो काढायचा तर शिकवणं थांबवायचं. एकदा खरं लिहिणारा माणूस पुढच्या वर्षी शहाणा होतो.

आणखी एक. आधीच्या शाळेत असताना आम्ही आयएसओ केलं. लोकवर्गणी काढली, रंगरंगोटी, फायली, गेटवर "आयएसओ मानांकित शाळा". खोटं बोलणार नाही, त्यामुळे स्वच्छतागृहात पाणी आलं ते टिकलं, आणि सामानाची नोंद लागली. पण पोरांना काय येतं ते त्या फायलींत कुठंच नव्हतं.

---

गेजवाला

@दुशिक्षकी, आयएसओ ९००१ पोरांना काय येतं ते तपासतच नाही मॅडम. तुम्ही जी पद्धत लिहून ठेवली तीच पाळता का, एवढंच पाहतं. आणि ते सर्टिफिकेट आयएसओ स्वतः देतही नाही, बाहेरच्या संस्था फी घेऊन देतात. आमच्याही गेटवर बोर्ड आहे. कस्टमर तो बोर्ड पाहत नाही, मागच्या सहा महिन्यांचं रिजेक्शन मागतो.

भीतीचं मात्र शंभर टक्के. डेमिंगच्या चौदा मुद्द्यांत "भीती घालवा" हा वेगळा मुद्दाच आहे. आमच्याकडे नवा सुपरवायझर आला की पहिल्या महिन्यात रिजेक्शन कमी दिसतं. खराब पीस लपवले जातात म्हणून.

---

सरकी

मी जिनिंगवर असतो त्यामुळे दर्जाचं थोडं कळतं. कापूस केंद्रावर आला की ग्रेडर मुठीत घेऊन धागा ओढून पाहतो, मीटर खुपसून ओलावा पाहतो. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, आठ टक्क्यांवर पूर्ण भाव देतं, बारापर्यंत कापून घेतं, त्याच्या वर गेला की गाडी परत. शेतकरी रडो की बोंबलो. गाठीचा दर्जा टिकतो तो या परत पाठवण्यावर.

शाळेला ही सोयच नाही. जे आलं ते घ्यायचं. दाराशी भिजलेलं आलं तरी, उपाशी आलं तरी. म्हणून मला हा सगळा धागाच मुळात चुकलेला वाटतो. ज्या धंद्यात इनकमिंग रिजेक्शन, म्हणजे दारातूनच माल परत करणं, नाही तिथं कारखान्याचे नियम लावू नका. आणि खाजगी इंग्रजी शाळा हळूच ग्रेडरचं काम करतात, वेचून घेतात, मग म्हणतात आमचा रिझल्ट पाहा.

---

निवृत्त_बीट

शाळा तपासणारा विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे. सगळ्यांनी तपासणीला धोपटायचं ठरवलेलं दिसतं, तर दुसरी बाजू कोणीतरी सांगितली पाहिजे.

तपासणी ढिली झाली की काय होतं ते मी पाहिलं आहे. पूर्वी वार्षिक तपासणीला साहेब दिवसभर वर्गात बसायचे, पोरांना फळ्यावर बोलवायचे, वही हातात घ्यायचे. ते जाऊन माहिती मागवणं आलं. मग कित्येक वर्षं कोणालाच ठाऊक नव्हतं की पाचवीतल्या कोणत्या मुलाला वाचता येत नाही. घरोघरी जाऊन मुलांना गोष्ट वाचायला लावणारं असरचं सर्वेक्षण २००५ पासून सुरू झालं तेव्हा आमच्या खात्यातले लोक चिडले होते. मीही चिडलो होतो. पण त्यांची पद्धत पाहा: शाळेत नाही, घरी जायचं, म्हणजे त्या दिवशी गैरहजर असलेलं पोरगंही सापडतं. मुलाला नापास करायचं नाही, शिक्षकाचं नाव लिहायचं नाही. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट, यातलं कुठपर्यंत येतं एवढंच. २०१५ च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय निघाला, त्यानंतर निदान प्रत्येक मुलाच्या नावापुढे काहीतरी लिहिणं सुरू झालं. खोट्या नोंदी झाल्या हे मान्य. पण मोजलंच नाही तर गरिबाचं पोर आठवीपर्यंत हजेरीपटावर राहून कोरंच बाहेर पडतं आणि कोणाच्याच झोपेवर परिणाम होत नाही.

सरकी यांच्याशी सहमत नाही. दारात भिजलेलं आलं ही सबब मी चाळीस शाळांत ऐकली आहे.

---

सांख्यिकी_अकोला

दोन गोष्टी, आकड्यांच्या बाजूनं.

आपल्याकडच्या खेड्यांत एका वर्गात सात पोरं असतात. सातांतली चार वाचतात तेव्हा ५७ टक्के, पाच वाचली की ७१. एक पोरगं मामाकडे गेलं की शाळा "मागे पडली", परत आलं की "प्रगती". केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीत अशा आकड्यांवरून टाळ्या आणि झापाझापी होते. शूहार्टचा सगळा मुद्दाच हा होता की नेहमीचा चढउतार कोणता आणि खरोखर काही बिघडलंय ते कोणतं, हे आधी वेगळं करा. नेहमीच्या चढउताराला दर वेळी उत्तर देत बसलात तर प्रक्रिया सुधारत नाही, आणखी हेलकावते.

दुसरं, समितीच्या सभेत करून पाहण्यासारखं. डेमिंग आपल्या शिबिरांत एक प्रयोग करायचा. डब्यात ३२०० पांढरे आणि ८०० लाल मणी. पन्नास खाचांची फळी बुडवायची, लाल मणी म्हणजे दोष. लोकांना "कामगार" करायचा, कमी लाल काढणाऱ्याला शाबासकी, जास्त काढणाऱ्याला ताकीद, भिंतीवर घोषणा. पुढच्या फेरीत शाबासकीवाला बहुतेकदा घसरतो. लाल मणी डब्यातच आहेत, हात कोणाचाही असो. बदली मागणाऱ्या सदस्याला ती फळी द्या, म्हणा काढा फक्त पांढरे.

@निवृत्त_बीट सर, तुमचं असरबद्दलचं म्हणणं याच्या विरोधात नाही. तो जिल्ह्याचा नमुना आहे, त्यावरून एखाद्या शाळेबद्दल किंवा एखाद्या गुरुजीबद्दल काही बोलताच येत नाही. बोलायचंही नसतं.

---

मेळघाटची_मॅडम

धारणीकडे शिकवते. गेजवाला दादा, तुमच्याकडे गेज दर वर्षी कॅलिब्रेट करतात ना, म्हणजे गेजच बरोबर मोजतंय का ते पाहतात? आमचं गेज मराठीत आहे आणि पोर कोरकू. पहिली-दुसरीत शाब्दिक उदाहरण विचारलं की पोर गप्प. तेच त्याच्या भाषेत विचारलं की बोटांवर मोजून सांगतं. चाचणीत ते "गणितात अप्रगत". आपण मोजलं मराठी, लिहिलं गणित.

आणि हजेरी. दिवाळीनंतर घरंच्या घरं कामाला बाहेर जातात, होळीला परततात. होळी हा आमच्याकडचा मोठा सण, तेव्हा गाव भरतं. हंगामी वसतिगृह आहे, शिक्षण हमी पत्रक (जाईल त्या गावच्या शाळेत पोराला घ्यावं म्हणून दिलेलं) आहे, काही पोरं त्यानं शाळेत टिकतात. पण लहान भावंडाला सांभाळायला मोठी बहीण लागते, ती जातेच. हे दर वर्षी होतं. दर वर्षी होणारी गोष्ट अपघात कशी? तरी संकलित चाचणी आली की मला खुलासा मागतात, जणू यंदाच झालंय.

---

तूर_हरभरा

मॅडम, आमच्याइकडं बी कापूस वेचणीत तसंच. अन् वेळापत्रक पुण्याले बनते. आपल्या इकडं उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटी उघडते, त्याईची पंधरा जूनलेच. सिलॅबस मात्र संगंच संपला पाह्यजे.

---

पवनारकाठचा

निकालावर पैसे आणि शिक्षा लावायचा प्रयोग नवा नाही हो. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळेचं अनुदान पोरांच्या वाचन-लेखन-अंकगणिताच्या परीक्षेवर ठरायचं. निरीक्षक यायचा, पोरगं नापास झालं की अनुदानाला कात्री. शिक्षक तेवढंच घोकून घ्यायला लागले, बाकीचे विषय वाऱ्यावर. तीच पद्धत मुंबई इलाख्यातही आली. (आपलं वऱ्हाड-नागपूर तेव्हा त्या इलाख्यात नव्हतं.) अमेरिकेत २००२ च्या कायद्यानं पुन्हा तेच आलं, आणि अटलांटा शहरातल्या ४४ शाळांत शिक्षक-मुख्याध्यापक मिळून १७८ जण पोरांची चुकीची उत्तरं खोडून बरोबर करण्यासारख्या घोटाळ्यात सामील असल्याचं आढळलं. तो चौकशी अहवाल २०११ चा. समितीच्या सभेत बदली मागणाऱ्यांना हे ऐकवा.

आणि वर्ध्याच्या धाग्यात वर्धा कसं आलं नाही? ऑक्टोबर १९३७ मध्ये इथंच शिक्षण परिषद भरली, गांधीजींची नयी तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, निघाली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली. त्या योजनेत तर पोरं खरोखरच उत्पादन करणार होती: सूत. सूत मोजता येतं, लांबी, अंक (बारीकपणा), मजबुती, सगळं. कारखान्याची भाषा लावायला याहून सोपी शाळा कुठली? तरी समितीनं स्वतःच्याच अहवालात इशारा दिला की पैशाच्या बाजूवर भर पडून शिक्षणाचा हेतू बुडण्याचा धोका उघड आहे, शिक्षक पोरांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील. ज्यांच्या शाळेत माल तयार होणार होता त्यांनाही माल आणि पोर यातला फरक लिहून ठेवावासा वाटला.

---

सरकी

पवनारकाठचा, हे भारी. माझंच म्हणणं तुम्ही जास्त अभ्यासानं मांडलं.

---

गेजवाला

सरकी भाऊ, नाही, थोडा फरक आहे. पोर म्हणजे माल हे मी कुठंच म्हटलं नाही. शाळेत काही "तयार" होत असेल तर तो गुरुजींचा तास. तास चांगला झाला की नाही हे पाहायचं, आणि ते पोराच्या वहीतल्या चुकांवरून कळतं. ग्रेडरचं काम माल नाकारण्याचं आहे. मी ज्या क्यूसीबद्दल बोलतोय त्यात नाकारायचं काही नाही, सेटिंग बदलायचं आहे. त्यामुळे इनकमिंग रिजेक्शन नाही ही अडचण नाहीच. उलट मटेरियल रोज वेगळं येणार हे माहीत असेल तर सेटिंगकडे दुप्पट लक्ष लागतं.

निवृत्त_बीट सर, मोजू नका असं मी म्हणत नाही. तुम्ही ज्या जुन्या तपासणीची आठवण काढली त्यात साहेब वही हातात घ्यायचे. तेवढंच परत आणायचं आहे. मोजलेलं ज्याच्या कामाचं त्याच्याकडे राहावं.

सांख्यिकी सरांच्या सांगण्यावरून मी सात पोरांची टक्केवारी काढणार नाही. माझ्या डोक्यात आहे ते असं: गुरुजींनी महिन्यातून एकदा दहा वजाबाक्या द्यायच्या, हातच्याच्या आणि बिनहातच्याच्या मिसळून. तपासताना बरोबर-चूक मोजायचं नाही, चुकीचा प्रकार लिहायचा. "खालून वर वजा केलं." "हातचा घेतला, पण दशकातून कमी करायचं राहिलं." "शून्यापाशी अडलं." प्रकारापुढे फक्त काड्या मारायच्या. पोराचं नाव नाही, मास्तरचं नाही. एका कागदावर मावतं. ज्या प्रकारापुढे काड्या जास्त, पुढचा आठवडा त्याला. वाचनाचं कसं करायचं ते मला कळत नाही, ते मॅडम लोकांनी सांगावं.

---

मेळघाटची_मॅडम

वाचनात पण प्रकार पडतात. जोडाक्षर सोडून देणं, वेलांटी ऱ्हस्व-दीर्घ, ओळ चुकणं, आणि आमच्याकडे एक वेगळाच: अक्षरं सगळी बरोबर वाचतं पण शब्दाचा अर्थ माहीत नाही. तो प्रकार वेगळा लिहायलाच हवा, कारण त्याला उजळणी देऊन उपयोग नाही. त्याला वस्तू दाखवावी लागते, त्याच्या भाषेतला शब्द विचारावा लागतो.

---

निवृत्त_बीट

कागद चांगला आहे. पण एक सांगतो, हा कागद चालला की कोणीतरी उत्साही अधिकारी त्याचा जिल्हास्तरीय उपक्रम करील. नाव ठेवील, लोगो काढील, लिंक पाठवील. मी स्वतः असे दोन उपक्रम चालवले आहेत, त्यामुळे जाणतो.

---

दुशिक्षकी

हेच विचारणार होते. मी पुढच्या महिन्यापासून तिसरी-चौथीला करून पाहते, एकत्रच बसतात माझ्याकडे. पण कागद माझ्या टेबलाच्या खणात राहील. समितीत दाखवीन, पोरांच्या आईबापांना दाखवीन. केंद्रावर मागितला तर देणार नाही, आणि फोटो तर मुळीच नाही. चालेल का?

---

गेजवाला

चालेल. आमच्या समितीच्या इतिवृत्तात मी तसाच ठराव टाकायला सांगतो: नोंद वर्गात राहील, त्यावरून कोणाही शिक्षकाची तक्रार केली जाणार नाही. बदलीवाले सदस्य सही करतील की नाही ते रविवारी कळेल. काड्यांच्या जुड्या करायला तुऱ्हाट्या मात्र तूर_हरभरा भाऊंनी द्याव्यात.

---

तूर_हरभरा

घेऊन जा ना. वावरात ढीग पडला हाय. पण सारख्या लांबीच्या तुमच्या गेजनं तुम्हीच कापा.